तुमच्यावाचून अडलं पाहिजे : होतकरू सिस्टीमवाल्यांसाठी पहिले धडे

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअर क्लार्क म्हणून लागला होता. एके दिवशी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तुम्ही मागचं झाकण उघडून न फाडता बाहेर ओढलात आणि नेमके त्याच वेळी मालक केबिनमधून बाहेर आले. झालं. त्या क्षणापासून तुम्ही कंपनीचे आयटी हेड आहात. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त आता रात्री अकरालाही फोन येईल. घाबरू नका, आम्ही सगळे असेच लागलो. कॉलेजात शिकून आलेला सिस्टीमवाला मी उद्यमनगरात अजून तरी पाहिलेला नाही. जे शिकले, ते पुण्याला गेले.

पुस्तकं सांगतात की यंत्रणा चालू ठेवणं हे सिस्टीमवाल्याचं काम. पुस्तकं लिहिणाऱ्यांना नोकरी टिकवायची नसते. आपलं ध्येय थोडं वेगळं आहे : यंत्रणा चालावी, पण तुमच्यावाचून चालू नये. पुढचा प्रत्येक धडा एवढं ध्यानात ठेवून वाचा.

१. सर्व्हरला जागा बघा.

जिन्याखालची. तिथे झाडू, बादली, इन्व्हर्टरची बॅटरी आणि कुणीतरी कधीतरी दुरुस्त करणार असलेला टेबलफॅन आधीपासून राहतो. त्यांना थोडं सरकवा आणि सर्व्हर बसवा. वर देवाचा फोटो लावा, कारण यापुढची बरीचशी जबाबदारी त्यांच्याकडे जाणार आहे.

एसीचा खर्च मालकांना सुचवू नका. दार उघडं ठेवलं की हवा येते. फौंड्रीच्या हवेत मोल्डिंगची वाळू असते, कोळशाची पूड असते आणि फेटलिंगच्या ग्राइंडरवरून उडालेली लोखंडाची बारीक भुकटीही असते. सर्व्हरचा पंखा हे सगळं आवडीने आत ओढतो. लोखंडातून वीज वाहते हे आपण शाळेतच शिकलो. मदरबोर्डला ते दुसऱ्या वर्षी कळतं. महिन्याकाठी एकदा शॉपमधली एअर लाइन आणून आत फस्सकन हवा मारा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही येतं, त्यामुळे धूळ उडत नाही, छान चिकटून बसते.

ज्यांचं ऑफिस शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर आहे, त्यांनी हा उपधडा नीट वाचावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग दिवसच्या दिवस बंद राहिला. दोन वर्षांत दोनदा नदी दुकानात येऊन बसली. यावरून कोल्हापूरने काय शिकावं? कागद भिजतो. म्हणून १९८७ पासूनच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे सुरक्षित वरच्या मजल्यावर न्या आणि सर्व्हर खाली ठेवा. वर नेला तर केबल पुरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका कंपनीने मात्र शहाणपणा केला होता. बॅकअपची हार्ड डिस्क ऑफिसात ठेवायची नाही, रोज संध्याकाळी मालकांच्या बंगल्यावर न्यायची. बंगला नागाळा पार्कात. एकाच आठवड्यात ऑफिसही बुडालं आणि बंगलाही. दोन ठिकाणं होती, नदी एकच होती.

२. विजेशी मैत्री करा.

इंडक्शन फर्नेस चालू झाली की ऑफिसातले दिवे मिचमिचतात. त्याच लाइनवर सर्व्हर ठेवा, म्हणजे वितळणाऱ्या लोखंडाचं सुखदुःख त्यालाही कळेल. यूपीएस घ्या आणि त्यावर सर्व्हर सोडून जमेल ते जोडा : चहाची किटली, केबिनमधला टीव्ही, माशांची काचपेटी. बॅटरीचं आयुष्य तीनेक वर्षं असतं असं विकणारा सांगेल. त्याला विकायचीच असते. बॅटरी फुगून यूपीएसचं झाकण वर येईपर्यंत ती चांगली समजावी.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधू नका. त्यात मीठ-कोळसा घातलेला असतो आणि उन्हाळ्यात त्याला पाणी द्यावं लागतं. झाडाला पाणी दिलं तर फूल तरी येतं.

लोडशेडिंगला मात्र कधी नावं ठेवू नका. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज ठप्प झालं. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही थांबलं. कोण कर्मचारी, कुणाला काय उघडायचा अधिकार, ही सगळी वही ज्या सर्व्हरांवर होती ते जगभरचे सर्व्हर पुसले गेले. एक सोडून. तो आफ्रिकेत घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो बंद होता, म्हणून वाचला. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने बसवले. आता मालक म्हणाले, "लाइट जाऊन जाऊन मशिनरीचं वाटोळं झालं," तर त्यांना सांगा, "साहेब, हा बॅकअप आहे."

३. आता आभासी व्हा.

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. इथे पोहोचलात म्हणजे तुम्हाला 'व्हर्च्युअल' हा शब्द मीटिंगमध्ये वापरता येतो.

समजायला सोपं आहे. मंगळवार पेठेतला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडं सात. वाडा म्हणजे तुमचा लोखंडी सर्व्हर. बिऱ्हाडं म्हणजे आभासी मशिनं : एकावर टॅली, एकावर ईआरपी, एकावर हजेरीचं पंचिंग, एकावर सीसीटीव्ही. या सगळ्यांना जागा, पाणी, उजेड वाटून देणारा जो कारभारी, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. गंमत अशी की प्रत्येक बिऱ्हाडाची अशी ठाम समजूत असते की अख्खा वाडा आपला एकट्याचा. ही कल्पना काही कालची नाही. आयबीएमने मेनफ्रेमवर व्हीएम-३७० आणलं ते १९७२ साली. व्हीएमवेअर कंपनी निघाली १९९८ मध्ये. आपल्याकडे ती पोहोचली, जेव्हा हार्डवेअरवाल्याने तुम्हाला एक सर्व्हर विकून सात सर्व्हरांचं सेटअप बिल लावलं तेव्हा.

पूर्वी एक मशीन बंद पडलं तर एकच काम अडायचं. टॅली बंद असलं तरी पंचिंग चालू. आता एक वायर निघाली की सातही एकदम. पुस्तकात याला काटकसर म्हणतात. तुमच्यासाठी ही सुवर्णसंधी आहे, कारण सात खाती एकाच वेळी तुमचं नाव घेऊन ओरडतात. असा मान पूर्वी फक्त फर्नेस ऑपरेटरला होता.

वाड्याला नळ एकच आहे हे विसरू नका. सातही बिऱ्हाडांचं अँटिव्हायरस स्कॅन सकाळी बरोबर दहाला लावा, ऑफिस उघडतं तेव्हा. सगळ्यांनी एकदम नळ सोडला की कुणाचीच बादली भरत नाही. अकौंट्सवाल्या मॅडम विचारतील, "सिस्टीम एवढी स्लो का हाय?" तुम्ही पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणायचं, "लोड आलाय." खोटं काहीच नाही त्यात.

जागा वाटताना भिशीचं तत्त्व वापरा. डिस्क एक टीबी. सातही मशिनांना सांगा, तुला पाचशे जीबी दिले. जोवर सगळे एकदम मागत नाहीत तोवर तुम्ही दानशूर कर्ण. भिशी फुटते ती दिवाळीच्या तोंडावर आणि डिस्क भरते ती जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री. महिन्याची ११ आणि २० तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. त्या दिवशी सुट्टी मागायची नसते, असा साधा त्याचा अर्थ.

मग स्नॅपशॉट. काही बदल करण्याआधी मशिनाची तेव्हाची स्थिती धरून ठेवता येते. काही बिघडलं तर मागे जाता येतं. काम झाल्यावर तो काढून टाकायचा असतो, नाहीतर त्यापुढचा प्रत्येक बदल वेगळ्या फायलीत साठत जातो आणि ती फाईल डिस्क भरेपर्यंत वाढते. म्हणून कधीच काढू नका. मालकांनी "बॅकअप आहे न्हवं?" असं विचारलं की स्नॅपशॉटांची यादी दाखवा, तारीखवार, भरगच्च. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की तोही जातो, हे सांगून कुणाची झोप उडवायची? त्यांना आधीच बीपी आहे.

नावं ठेवताना कल्पकता दाखवा. 'टेस्ट', 'टेस्ट-२', 'नवीन-टेस्ट', 'फायनल', 'फायनल-खरा', 'काढू-नये'. सहा महिन्यांनी यातलं खरं टॅली कुठल्या मशिनावर चालतं हे फक्त तुम्हाला ठाऊक असेल. वर्षाने तुम्हालाही नसेल, पण ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. 'टेस्ट-२' बंद करून बघण्याचा मोह मी एकदा केला होता. डिस्पॅच थांबला. तेव्हापासून ते मशीन तसंच चालू आहे. त्यावर नेमकं काय आहे हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.

मार्चअखेर ऑडिटरचा मुलगा येईल, हातात यादी आणि स्टिकरचा रोल. नियमाने प्रत्येक मालमत्तेवर क्रमांक हवा. यादीत सर्व्हर आठ, जिन्याखाली डबा एक. त्याला वाडा, बिऱ्हाडं, कारभारी समजावत बसू नका. आठही स्टिकर एकाच डब्यावर ओळीने चिकटवा. एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. डब्याची हवा जायची जाळी झाकली गेली होती. संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो, त्यामुळे मालक खूश होते.

एक दुःखद वार्ता. व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि महिन्याभरात कायमचं लायसन्स विकणं बंद केलं. आता वर्षाचं भाडं. मालकांना हे सांगायची वेळ आली की आधी त्यांना बसवा. "म्हंजे विकत घेतलेल्या वाड्याला आता भाडं भरायचं? आमच्या आज्जाला कुळकायद्यात बी असं झालं न्हवतं." प्रॉक्समॉक्ससारखे फुकटचे पर्याय आहेत, पण ते सुचवलं तर तुम्हाला शिकावं लागेल. सुचवू नका.

४. जुनं ते सोनं.

फौंड्रीच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर असतो. धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती ते तो सांगतो आणि त्याचा अहवाल नसेल तर कास्टिंग गेटबाहेर जात नाही. त्याच्याशेजारचा संगणक विंडोज एक्सपीवर आहे. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. तो बदलता येत नाही, कारण स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. आभासी करता येत नाही, कारण सॉफ्टवेअरचा डोंगल मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टात खोचलेला आहे आणि आभासी मशिनाला मागची बाजू नसते. अशी अवघड जागा प्रत्येक कारखान्यात एक तरी असते. इथे मी थट्टा करत नाही, खरोखर हात जोडतो.

तरी त्याला नेटवर्कला जोडा. लॅबवाल्याला दुपारच्या सुट्टीत कुस्तीचे व्हिडिओ बघायचे असतात.

अपडेट करू नका. मार्च २०१७ मध्ये विंडोजची एक दुरुस्ती आली. ज्यांनी ती टाकली नाही त्यांच्यावर १२ मेला वॉनाक्राय आला. मधे दोन महिने होते. पण दोन महिन्यांत आपल्याकडे लग्नसराई असते, मार्चअखेर असते, जोतिबाची चैत्र यात्रा असते. माणसाने कुठे कुठे पुरायचं?

५. पासवर्ड सर्वांना माहीत हवा.

कंपनीचं नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. सर्व्हरला तोच, वायफायला तोच, सीसीटीव्हीला तोच. विसरू नये म्हणून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करा, लोकशाही आहे. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवा, म्हणजे तुम्हाला येता येईल. तुमच्यामागून आणखीही कुणाला येता येईल, पण पाहुण्याला दार लावणं कोल्हापूरच्या रीतीत बसत नाही.

एक दिवस सगळ्या फायलींची नावं विचित्र होतील आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी येईल. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ही घटना सहा तासांत कळवायची असते. वेळापत्रक असं ठेवा : पहिले दोन तास रिस्टार्ट, पुढचे दोन तास केबल काढून पुन्हा लावणं, मग एक तास हार्डवेअरवाल्याची वाट, आणि शेवटचा तास "कुणी पेन ड्राइव्ह लावला?" या चौकशीला. गेल्या १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवाव्यात असंही त्याच आदेशात आहे. त्या तुम्ही जपल्या होत्याच. सर्व्हरवर. आता त्यांचीही नावं विचित्र झाली आहेत.

६. बॅकअप घ्या, पण उघडू नका.

हिशोबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर दररोज घ्यावा, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आला. तुम्ही घ्या की. सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर. डिस्क एकच असते, पण अक्षर बदललं की मनाला बरं वाटतं. तो बॅकअप परत उघडतो का, हे मात्र कधीही तपासू नका. न तपासलेला बॅकअप उत्तम असतो. तपासलेल्याचं काही सांगता येत नाही.

७. देखभाल वर्षातून एकदा, खंडेनवमीला.

लेथला, फर्नेसला, टेम्पोला जे मिळतं ते सर्व्हरलाही मिळालं पाहिजे. झेंडूची माळ जाळीवर आडवी घाला, हळद-कुंकू पॉवरच्या बटणावर लावा, उदबत्ती स्मोक सेन्सरखाली. नारळ मात्र बाहेर फोडा. पाणी उडून एक स्विच गेल्याचं मी पाहिलंय, आणि तो वॉरंटीत का बसत नाही हे कंपनीला ईमेलने समजावून सांगणं सोपं नसतं.

८. देखरेखीसाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

गेटवर माल भरून गाडी उभी असते. ड्रायव्हर खाली उतरून आत येतो आणि म्हणतो, "ई-वे बिल निघंना झालंय." हाच अलार्म. याहून अचूक यंत्र जगात नाही, आणि ते तंबाखू खाऊन चालतं.

९. राधानगरीपासून सावध.

सहल म्हणून जा, पण तिथल्या धरणाकडे सिस्टीमवाल्याच्या नजरेने बघू नका. धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, उतरलं की आपला आपण मिटतो. कुणाला फोन नाही, रिमोट घेणं नाही, पासवर्ड नाही, "बघतो की" नाही. दर पावसाळ्यात पेपरात फक्त बातमी येते : अमुक क्रमांकाचा दरवाजा उघडला.

अशी व्यवस्था संगणकावरही करता येते. एक सर्व्हर पडला की दुसरा आपोआप उठतो, डिस्क भरत आली की आधीच निरोप येतो, रात्रीचा बॅकअप रात्रीच उघडून तपासला जातो, आणि सगळं कसं बसवलंय ते चार पानांत लिहून ठेवलं की नवा माणूसही सांभाळतो. खर्चही आवाक्याबाहेरचा नसतो. पण विचार करा. तुमचं नाव कुणी घेईल का? दिवाळीचा बोनस देताना मालकांना तुम्ही आठवाल का? दरवाजा उघडणाऱ्याला कुणी ओळखत नाही, कारण तो नसतोच.

१०. काहीही लिहून ठेवू नका.

कुठली वायर कुठे जाते, कुठलं मशीन कशासाठी, कुठलं लायसन्स कुणाच्या ईमेलवर, सगळं डोक्यात. मी माझ्या काळात हा धडा तंतोतंत पाळला. लिहिलं ते फक्त एक : रॅकच्या दारावर जाड स्केचपेनने माझा मोबाईल नंबर, खाली 'अडचण आल्यास'.

ती नोकरी मी २०१६ साली सोडली. माझ्यानंतर तिथे चार जण येऊन गेले. परवा रात्री सव्वाअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला, एक घाबरलेला पोरगा बोलत होता. "दादा, तुमी मला वळखत न्हाई, म्या हितं नवीन हाय. गेटवर गाडी उभी हाय आणि 'टेस्ट-२' उठंना झालंय."

उठवलं. पासवर्ड अजून तोच आहे.